लोक्रिओ : झाकण लावण्यापूर्वी

डोमिनिकन रिपब्लिक हा कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटाच्या पूर्व भागातील देश. त्याच बेटाच्या पश्चिमेला हैती आहे. तेथे दुपारचे जेवण हे दिवसाचे मुख्य जेवण असते आणि भाताशिवाय ते पुरे होत नाही. भात, शिजवलेल्या घेवड्याच्या बिया आणि रश्शाचे मांस निरनिराळे वाढले, की त्या ताटाला तेथील लोक ‘ला बांदेरा’, म्हणजे झेंडा, असे म्हणतात. तांदूळ आणि मांस एकाच पातेल्यात शिजले, की तो ‘लोक्रिओ’ होतो. थोडे मांस पुष्कळ माणसांना पुरवण्याची ही गृहिणीची युक्ती आहे. कोंबडी, डुकराचे मांस, सलामी, मसालेदार सॉसेज, खारवलेला मासा, यांपैकी घरात जे असेल त्याचा लोक्रिओ होतो.

डॉक्टरच्या नजरेने पाहता या पदार्थाची खरी अडचण त्याच्या एकजीवपणात आहे. वेगवेगळ्या वाढलेल्या ताटात मधुमेही माणूस भात कमी घेतो, रक्तदाबाचा रुग्ण रस्सा बाजूला सारतो. लोक्रिओच्या प्रत्येक शितात मीठ आणि तेल मुरलेले असते. आजोबा, सून आणि चार वर्षांचे नातवंड एकाच भांड्यातील एकच मीठ खातात. म्हणून आपल्या घरी हा पदार्थ करून पाहावयाचा असेल, तर पथ्याचा विचार पातेल्यावर झाकण पडण्यापूर्वीच करावा लागतो.

पाच माणसांसाठी हाडांसह पाऊण किलो कोंबडी आणि दोन कप, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम, लांब दाण्याचा तांदूळ घ्यावा. डोमिनिकन घरांत कोंबडी आंबट संत्र्याच्या किंवा लिंबाच्या रसाने चोळून धुण्याची रीत आहे. रस अवश्य चोळावा, परंतु कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये. उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतू ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कोशिंबिरीवर जातात. तुकडे कोरडे टिपून त्यांना लिंबाचा रस, ठेचलेला लसूण, मिरपूड आणि वाळलेला ओरेगॅनो लावून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे.

आता मिठाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाच्या पोटात दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. संपूर्ण पातेल्यात चहाचा दीड चमचा सपाट मीठ, सुमारे ८ ग्रॅम, घातले तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड ग्रॅमच्या थोडे वर येते. एका जेवणाला तेवढे पुष्कळ झाले. मात्र तेथील अनेक स्वयंपाकघरांत त्याखेरीज मसाल्याचा तयार घन, ऑलिव्ह आणि केपर पडतात, आणि हे तिन्ही खारट असतात. घन वगळावा. ऑलिव्ह हवेच असतील तर बिया काढलेले, पाण्यातून निथळून पाचसहा घ्यावे. बिया लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. ‘कमी सोडियमचे मीठ’ वापरून सुटका होईल असे कोणी सुचवील, पण त्यात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, तसेच रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना, ते घातक ठरू शकते. एकाच पातेल्यातून सर्व जेवणार असतील तर हा प्रयोग आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवून त्यात चहाचा एक चमचा साखर टाकावी. ती तांबूस होताच कोंबडीचे तुकडे घालून सर्व बाजूंनी परतावे. हा तेथील खास रंग. मधुमेही वाचक येथे दचकतील. पण पाच जणांत वाटलेली चमचाभर साखर ही नगण्य गोष्ट आहे. चिंता करावी ती तांदळाची, कारण माणशी ८० ग्रॅम कच्च्या तांदळातून साठ ग्रॅमहून अधिक पिष्ट पोटात जाते. मधुमेही व्यक्तीने त्या वाट्याचा दोनतृतीयांश भात घ्यावा आणि कोंबडीचा एक तुकडा अधिक.

नंतर कांदा, ढोबळी मिरची, कोथिंबीर, लाल भोपळ्याच्या फोडी आणि टोमॅटोचा गोळा घालून मंद आचेवर दहा मिनिटे शिजू द्यावे. (टोमॅटोऐवजी रंगासाठी तेथे ‘बिहा’ही वापरतात. ती आपली शेंद्रीच. मूळची उष्ण अमेरिकेतील.) तीन कप पाणी आणि मोजलेले मीठ घालून उकळी आली की धुतलेला तांदूळ टाकावा. पाणी आटल्यावर एकदा खालवर करून आच अगदी मंद करावी आणि घट्ट झाकण ठेवून वीस मिनिटे हात लावू नये. काही डोमिनिकन घरांत वाफ कोंडण्यासाठी भातावर प्लॅस्टिकची पिशवी पसरतात. ती मुळीच वापरू नये. जड झाकण पुरते. कोंबडीचा सर्वांत जाड तुकडा हाडाशी चिरून पाहावा. रस गुलाबी दिसल्यास आणखी शिजवावे.

तळाशी जी खरवड धरते तिला ‘कोनकोन’ म्हणतात, आणि तिच्यासाठी तेथे घरोघरी भांडणे होतात. सोनेरी असेल तोवर आपणही भांडावे. काळी पडली असेल तर टाकून द्यावी. सोबत कोबी, टोमॅटो आणि काकडीची बिनमिठाची कोशिंबीर ठेवावी, जमल्यास ॲव्होकाडोची फोड.

कोंबडीऐवजी सलामी घालण्याचा मोह स्वस्ताईमुळे होतो. प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१५ साली पहिल्या गटात टाकले. तंबाखूही त्याच गटात आहे, परंतु गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे माप नव्हे. तरीही सलामीतील मीठ लक्षात घेता ती रोजच्या स्वयंपाकात नसावी.

उरलेला लोक्रिओ रात्रभर ओट्यावर ठेवू नये. तांदळातील एका जातीच्या जंतूंची बीजुके उकळूनही जिवंत राहतात, आणि भात कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. पुन्हा तापवल्याने ते विष नाहीसे होत नाही. उलट्या त्यानेच होतात. भात पसरट ताटात काढून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात, फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी हवा तेवढाच भाग काढून वाफा येईपर्यंत एकदाच तापवावा. त्यातूनही उरले तर टाकून द्यावे.