बसण्याचें वेतन आणि जाण्याचें वेतन

घरांत कोणी दृष्टिहीन असलें म्हणजे आपली माया बहुधा एकाच वाक्यांतून प्रकट होते : "तुम्ही बसा, आम्ही आणून देतों." या वाक्यांत प्रेम आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्यांत एक हुकूमही दडलेला असतो, तो मात्र आपल्या ध्यानांत येत नाहीं.

असाच हुकूम जेम्स होल्मन या इंग्रज गृहस्थास मिळाला होता. १७८६ सालीं जन्मलेला हा आरमारी अधिकारी पंचविशींतच पूर्ण आंधळा झाला. विंडसर येथील एका धर्मादाय संस्थेनें त्यास घर व वेतन दिलें. अट एवढीच कीं, तेथेंच राहावें व प्रार्थनेस नेमानें हजर असावें. होल्मन त्या सुखांत आजारी पडूं लागला! प्रकृतीच्या कारणास्तव रजा मागून तो काठी टेकीत निघाला तो सायबेरियांत पोंचला. रशियन सरकारनें हेर समजून त्यास परत धाडलें, तरी १८२७ ते १८३२ या काळांत, वाटेंत हिंदुस्थानही पाहून, त्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली.

याच होल्मनच्या नांवानें सॅन फ्रॅन्सिस्को येथील 'लाइटहाउस' या अंधांच्या संस्थेनें २०१७ सालीं एक पारितोषिक सुरू केलें. विजेत्यास पंचवीस हजार डॉलरपर्यंत रक्कम. ती मिळविण्यासाठीं आपलें दुःख सांगावयाचें नाहीं, आपला बेत सांगावयाचा. पहिल्या वर्षींचे तिघे पाहा. युगांडांतील ओजोक सायमन यांस खेड्यांतील अंधांना मधमाशापालन शिकवावयाचें होतें. इंग्लंडच्या निवृत्त नौदल अधिकारी पेनी मेलव्हिल-ब्राऊन यांस देशोदेशीं जाऊन तेथील लोकांबरोबर पाकसिद्धि करावयाची होती. अहमत उस्तुनेल यांस जहाजांनीं गजबजलेली बॉस्फरसची सामुद्रधुनी लहानशा होडींतून एकट्यानें ओलांडावयाची होती. आवाजानें दिशा सांगणाऱ्या यंत्रांच्या साह्यानें ती त्यांनीं २०१८ सालीं ओलांडली. पुढें २०२० सालीं हें पारितोषिक केरळांत अंधांना स्वावलंबन शिकविणाऱ्या, स्वतः अंध असलेल्या टिफनी ब्रार यांसही मिळालें.

मधमाशांनीं चरितार्थ चालेल, हें कोणीही मान्य करील. पण सामुद्रधुनी ओलांडून कोणाचें पोट भरलें, असें एखादे वडीलधारे विचारतील. डोळस माणूस हिमालय चढतो, तेव्हां हा प्रश्न आपण विचारीत नाहीं. उलट त्याचा सत्कार करतों. हौस, साहस आणि प्रसंगीं फसण्याचा अधिकार, हीं डोळसांचीच वतनें आहेत काय?

पंचवीस हजार डॉलर आपल्या घरीं नसतील. परंतु अंध दिराच्या किंवा पुतणीच्या औषधपाण्यासाठीं आपण जसे पैसे बाजूस काढतों, तशीच कांहीं रक्कम तिच्या किंवा त्याच्या बेतासाठीं काढून ठेवावी. बेत त्यांचाच असावा. तो फसला तरी टोमणा नसावा. आणि प्रथम, "तुम्ही बसा" म्हणण्यापूर्वीं, "तुमच्या मनांत काय आहे?" एवढें तरी विचारावें.