गावाची हवा आणि गावाची मजुरी

सुट्टीत पोरंबाळं घेऊन गावी गेलेले आपले शहरी बांधव स्टेटस ठेवतात, ‘गाव ते गावच!’ शेताचा फोटो, विहिरीचा फोटो. शेत कुणाचं, विहीर कुणाची, हे त्या फोटोत कधी येत नाही.

यंदा आम्ही कुटुंबासह मराठवाड्यातल्या आमच्या गावी आत्याकडे चार दिवस राहून आलो. हवा चांगली, भाकरी चवीची, यात वाद नाही. पण नळाची लाइन मारुतीच्या पारापासून निघते आणि वस्तीत येईपर्यंत धार करंगळीएवढी होते. चौथीतली आमची भाची विचारते, असं का? आत्याला तो प्रश्नच वाटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. आमच्याकडे पाटी बदलली, टमटमवाल्याची जीभ बदलली नाही.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा समाचार घेतला होता. संविधानाचा पाया गाव नाही, व्यक्ती आहे, ही त्यांची भूमिका. मग त्यांच्याच लेकरांना गावाचा हा उमाळा कुठून येतो?

शहरात जात नाही असं आम्ही म्हणत नाही. पुण्या-मुंबईत भाड्याने खोली शोधून बघा. एजंट आधी आडनाव विचारतो. २०१३ चा कायदा असूनही गटारात कोण उतरतं, तेही बघा. तरी फरक आहे, आणि तो मोठा आहे. शहरात एकाने नाही म्हटलं तर पुढच्या गल्लीत जाता येतं. गावात जो नाही म्हणतो, त्याच्याच रानात सकाळी खुरपायला जायचं असतं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा लढा उभा केला तो उगाच नाही. पोट ज्याच्या हातात, त्याच्यापुढे ग्रामसभेत हात वर होत नाही.

आणि इथेच शहरातल्या पगारदार भीमसैनिकाची जबाबदारी सुरू होते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. ते कुठे गेले, हे आत्याच्या पोराने विचारलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं काम बंद. आपण विचारलं तर आपला पगार कोण थांबवणार? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, बस्स. गाडीच्या डिकीत गावरान तूप भरायला वेळ मिळतो, मग यालाही मिळू शकतो.

गेल्या तीन वर्षांचा हिशेब मागणारा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीत दिलाय, स्वतःच्या नावाने आणि शहरातल्या पत्त्यावर. पोच घेतली आहे. कायद्याने उत्तराला तीस दिवस आहेत. त्यातले अकरा झाले.