काटकसरीची कात्री आणि जवानाचे निवृत्तिवेतन

वऱ्हाडच्या शेतसाऱ्यातून फौजेचा पगार भागवण्याची व्यवस्था 1853 सालीच झाली होती, हे आज वाशिममध्ये फार थोड्यांच्या स्मरणात असेल. हैदराबाद कंटिन्जंट ही फौज नावाने निजामाची, हुकमतीने इंग्रजांची. तिचा खर्च निजामाकडून थकला, तेव्हा कंपनी सरकारने त्यापोटी सबंध वऱ्हाडच ताब्यात घेतला. त्या वेळचे बाशीम, म्हणजे आपले वाशिम, त्यात आले. येथल्या कुणब्याने भरलेला सारा हिंगोलीसारख्या छावण्यांतील शिपायांच्या पगाराकडे वळू लागला. पुढे 1902 साली लॉर्ड कर्झनने वर्षाला 25 लाख रुपये ठरवून हाच मुलूख निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतला. साम्राज्यवाद्यांचा हा सरळ सरळ दरोडा होता. परंतु ज्याच्या हाती आपणच बंदूक दिली त्याचा पगार थकवायचा नसतो, एवढे व्यवहारज्ञान त्या दरोडेखोरांपाशी होते.

आजच्या दिल्लीतील अर्थपंडितांपाशी तेवढेही उरले आहे काय, असा प्रश्न पडतो. संरक्षण खात्याच्या निवृत्तिवेतनाचा बोजा देशाला पेलवत नाही, शस्त्रखरेदीला पैसा उरत नाही, तेव्हा या खर्चाला कात्री लावलीच पाहिजे, असे लेख इंग्रजी वर्तमानपत्रांतून नियमाने येत असतात. 2025-26 च्या अंदाजपत्रकात संरक्षणावर एकूण सुमारे 6 लाख 81 हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यांपैकी 1 लाख 61 हजार कोटींच्या आसपास निवृत्तिवेतनासाठी होते आणि त्यात खात्यातील मुलकी नोकरांचे निवृत्तिवेतनही मोडते. आकडा मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि याच सरकारने सप्टेंबर 2019 मध्ये एका वटहुकुमाने कंपन्यांवरील कर कमी केला. त्यापायी वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचे उत्पन्न बुडेल, असे अर्थमंत्र्यांनीच तेव्हा सांगितले. त्या वर्षी संरक्षण निवृत्तिवेतनाची तरतूद होती 1 लाख 12 हजार कोटी. कंपन्यांना दिलेल्या सवलतीच्या वेळी ‘बोजा’ हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही. तेव्हा ती ‘गुंतवणुकीला चालना’ होती!

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट उघड करून टाकतो. मी स्वतः महाविद्यालयीन अध्यापक म्हणून जुन्या पद्धतीच्या निवृत्तिवेतनावर जगतो. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना महाराष्ट्र शासनाने तो अधिकार ठेवला नाही. त्यासाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला, तेव्हा त्यांच्या मंडपात मी बसलो होतो, आणि बसताना थोडा ओशाळलोही होतो. तेव्हा या विषयात माझा हितसंबंध आहे, असे कोणी म्हटले तर ते खरेच आहे.

निवृत्तिवेतन म्हणजे काय, याचा घोळ मुद्दाम घातला जातो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजावे असे हे आहे. कामगाराने केलेल्या श्रमाच्या मोबदल्यातील एक भाग मालक आज न देता पुढे देण्याचे कबूल करतो, तो लांबणीवर टाकलेला पगार म्हणजे निवृत्तिवेतन. सैनिकाच्या बाबतीत तर हिशेब आणखी स्पष्ट आहे. राज्याला तरुण फौज हवी असते, म्हणून जवानाला पस्तिशी-चाळिशीतच घरी पाठवले जाते. इतर नोकरदार ज्या वयात बढती घेऊन स्थिरावतो, त्या वयात हा माणूस गावी येतो. अर्धे नोकरीचे आयुष्य राज्याने आपल्या सोयीसाठी छाटलेले असते. त्या छाटलेल्या आयुष्याची भरपाई पंधरा वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या निवृत्तिवेतनात आहे. श्रम घेऊन झाल्यावर मोबदल्याचा राहिलेला भाग कमी करणे याला काटकसर म्हणत नाहीत. गावच्या सावकाराने असे केले असते तर आपण मोर्चा काढला असता.

सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्यात हेच तत्त्व मान्य केले. 31 मार्च 1979 या तारखेच्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित निवृत्तिवेतन नाकारण्याचा सरकारचा डाव पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने उधळला. निवृत्तिवेतन ही सरकारची खैरात नव्हे, मालकाच्या मर्जीवर ते अवलंबून नाही, पूर्वी केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय. निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती देसाई यांनी घटनेच्या सरनाम्यातील ‘समाजवादी’ या शब्दाचा आधार घेतला होता, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी विसरू नये. पीठाचे प्रमुख होते यशवंतराव चंद्रचूड. चाळीस वर्षांनी, 16 मार्च 2022 रोजी, त्यांच्याच चिरंजीवांनी ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ योजनेतील सरकारची पाच वर्षांनी फेरआढावा घेण्याची पद्धत घटनेत बसते, असा निकाल दिला. कायद्याच्या वाटा अशा वळतात.

या ‘समान पद’ योजनेचा इतिहास हा वचनभंगाचा वस्तुपाठच आहे. एकाच पदावर, तेवढीच वर्षे नोकरी केलेल्या दोन जवानांना, ते केव्हाही निवृत्त झालेले असोत, सारखेच निवृत्तिवेतन मिळावे, एवढी साधी मागणी. राज्यसभेच्या याचिका समितीने 2011 साली ती उचलून धरली. त्या समितीचे अध्यक्ष होते भगतसिंग कोश्यारी, पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झालेले तेच. सप्टेंबर 2013 मध्ये रेवाडीच्या सभेत नरेंद्र मोदींनी या प्रश्नावर माजी सैनिकांची मने जिंकली. फेब्रुवारी 2014 मध्ये चिदंबरम यांनी जाता जाता 500 कोटींची तरतूद करून आपणही मागे नसल्याचे दाखवले. निवडणूक झाली, सरकार बदलले आणि 2015 च्या जूनमध्ये म्हाताऱ्या सैनिकांना जंतरमंतरवर बसावे लागले. 14 ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी त्यांना तेथून हुसकण्याचा प्रयत्न केला. छातीवर पदके लावलेल्या वृद्धांशी पोलीस झटापट करीत असल्याची छायाचित्रे ज्यांनी पाहिली त्यांना 1932 चे वॉशिंग्टन आठवले असेल. तेथेही पहिल्या महायुद्धातील सैनिक कबूल केलेला बोनस मागायला आले होते आणि मंदीने खंगलेल्या त्या माणसांच्या झोपड्यांवर जनरल मॅकआर्थरने फौज घातली. भांडवलशाही राज्य कोणत्याही देशात असो, युद्ध संपल्यावर ते सैनिकाकडे खर्चाची बाब म्हणूनच पाहते.

अखेर नोव्हेंबर 2015 मध्ये आदेश निघाला. पाच वर्षांनी फेरआढावा घेण्याचे त्यात मान्य केले होते. 1 जुलै 2019 ची ती तारीख आली आणि गेली. मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली डिसेंबर 2022 च्या शेवटी, तीही सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर आणि सरकारने मुदतीमागून मुदत मागितल्यावर. थकबाकी सुमारे 28 हजार कोटींची, घेणारे 25 लाखांच्या घरात. जानेवारी 2023 मध्ये संरक्षण खात्याने परस्पर परिपत्रक काढून ती चार सहामाही हप्त्यांत देण्याचे ठरवले. न्यायालयाने कान उपटले, बंद लखोट्यातील खुलासा परत केला आणि 20 मार्च 2023 रोजी स्वतःच वेळापत्रक बांधून दिले. कुटुंब निवृत्तिवेतनधारकांना एप्रिलअखेर, सत्तरी ओलांडलेल्यांना जूनअखेर, इतरांना फेब्रुवारी 2024 पर्यंत. दरम्यान चार लाख निवृत्तिवेतनधारक मरण पावल्याचे अर्जदारांच्या वकिलांनी न्यायालयात सांगितले. निवृत्तिवेतन कमी करण्यासाठी आदेशच काढावा लागतो असे नाही. वृद्ध माणसाला चार वर्षे थांबवले की निसर्ग उरलेले काम करतो.

अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचीही अशीच गत होऊ पाहते आहे. सप्टेंबर 2023 च्या नव्या नियमांनी पात्रतेच्या अटी आवळल्या. गैरवापर रोखण्यासाठी हे केले, असा खुलासा झाला. महालेखापरीक्षकांच्या अहवालाकडे पाहिले तर अपंगत्व घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत कितीतरी जास्त दिसते. गैरवापर असेल तर तो वरच्या मजल्यावर शोधावा. परंतु नियम कडक झाला की तो नेहमी तळमजल्यावर लागू होतो.

आता अग्निपथ. येथे मला थोडे सावधपणे बोलले पाहिजे, कारण विरोधाच्या भरात आपल्याच मंडळींकडून एक चूक होते. 14 जून 2022 ला जाहीर झालेल्या या योजनेत सेवेत आलेल्या मुलाला निवृत्तिवेतनाचे वचन दिलेलेच नाही. त्यामुळे काटेकोर अर्थाने येथे वचनभंग नाही. वचनभंग झाला तो वेगळ्याच मुलांचा. साथीच्या काळात शारीरिक व वैद्यकीय चाचण्या पार करून लेखी परीक्षेची वाट पाहत दोन वर्षे बसलेल्या हजारो तरुणांची भरतीच या योजनेमुळे रद्द झाली, आणि न्यायालयांनीही त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले. अग्निवीराच्या बाबतीत जे घडते ते अधिक धूर्त आहे. दिलेले वचन मोडले तर न्यायालय आहे, निवडणूक आहे, जंतरमंतर आहे. वचनच न देणे हा त्यावर शोधलेला रामबाण उपाय आहे.

चार वर्षे नोकरी, नंतर चौघांतील तिघे घरी. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही. हाती येणार 11 लाख 71 हजारांचा ‘सेवा निधी’, त्यातील मूळ रकमेचा अर्धा भाग मुलाच्याच पगारातून दरमहा कापलेला. ही रक्कम सात टक्के व्याजाने ठेवली तर महिन्याला 6 हजार 800 च्या आसपास रुपये मिळतील आणि महागाई वाढली तरी त्यात एक पैसा वाढणार नाही. निवृत्तिवेतनाचा अर्थच हा, की दीर्घायुष्याची आणि महागाईची जोखीम राज्य उचलते. एकरकमी पैसा देऊन ती जोखीम वाशिम-मानोऱ्याच्या एखाद्या कोरडवाहू घरावर ढकलली गेली. कोणी म्हणेल, मुलाने करार स्वेच्छेने केला आहे. पहाटे पाच वाजता रिसोड रस्त्यावर धावणारी मुले मी फिरायला जाताना रोज पाहतो. त्यांतली काही माझ्या विद्यार्थ्यांची मुले आहेत. दोन-तीन एकर सोयाबीन, हमीभावाचा पत्ता नाही, जिल्ह्यात कारखाना नाही. 2018 साली केंद्राने ज्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असे गोंडस नाव देऊन मागास ठरवले त्यांत वाशिम आहे. अशा ठिकाणच्या अठरा वर्षांच्या मुलाची स्वेच्छा ती केवढी!

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील एक अग्निवीर ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचेनवर कर्तव्य बजावताना गेला. विमा, सानुग्रह अनुदान, उरलेल्या काळाचा पगार असे सर्व मिळून एक कोटीहून अधिक रक्कम कुटुंबाला देय असल्याचे सैन्याने जाहीर केले. ही रक्कम लहान नाही, आणि तिची टिंगल करणे मला पसंत नाही. पण त्याच चौकीवर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या नियमित जवानाला मरण आले असते, तर त्याच्या घरच्यांना दरमहा कुटुंब निवृत्तिवेतन मिळाले असते. एकच बर्फ, एकच गणवेश, आणि मरणाचे दोन दर. मुंबई उच्च न्यायालयात 2025 साली एका अग्निवीराच्या आईने हाच प्रश्न नेला.

आता आपल्याच पक्षातील एक जुना आक्षेप. समाजवाद्यांनी फौजेची तळी का उचलावी? शेतमजुराला काय मिळते? आमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंनी, माझ्या आणि समोरच्या निवृत्त हवालदारांच्या गप्पा ऐकून, एकदा विचारलेच, “सर, तुमाले बी पिन्शन, त्यायले बी पिन्शन. आमाले कोन देते जी?” याला माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. निराधार म्हणून अर्ज मंजूर झाला तर महिना दीड हजार. आणि वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाला केंद्राचा वाटा 200 रुपये, जो 2006 पासून हललेला नाही. कारखान्यात आयुष्य घालवलेल्या कामगाराला 2014 साली ठरलेली किमान एक हजाराची भविष्यनिर्वाह पेन्शन वाढवून घेण्यासाठी बुलढाण्यात वर्षानुवर्षे साखळी उपोषण करावे लागले.

या विषमतेचा उपयोग सरकार कसा करते ते पाहावे. शेतमजुराला काही नाही, मग शिक्षकाला का? शिक्षकाला नाही, मग निमलष्करी जवानाला का? 2004 पासून केंद्रीय राखीव पोलीस दलात लागलेला जवान नव्या बाजारी योजनेत ढकलला गेला. तेव्हा सैन्यदले वगळली होती. त्या वेळी संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, आपल्याच चळवळीत वाढलेले. जवानांविषयी त्यांना कळवळा होता, सियाचेनच्या त्यांनी किती वाऱ्या केल्या. पण बाकीच्या नोकरदारांचे निवृत्तिवेतन ज्या मंत्रिमंडळाने बाजाराच्या हवाली केले त्यात ते बसले होते, हेही लिहून ठेवले पाहिजे. तेव्हा बाकीच्यांची शिडी काढली गेली म्हणून सैनिकाच्या शिडीकडे बोट दाखवता आले. भाऊ उपाशी म्हणून दुसऱ्याच्या ताटातली भाकरी काढायची आणि ती मात्र तिसऱ्याच दिवाणखान्यात पोचवायची, अशी ही समता आहे.

निवृत्तिवेतनाने या महाराष्ट्रात काय केले, हे विसरून चालणार नाही. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या सैन्यातील पगाराने आणि निवृत्तिवेतनाने त्यांच्या घरात पुस्तके आली. गोपाळबाबा वलंगकर हेही सैन्यातून निवृत्त झालेले. ज्यांना गावात जमीन नव्हती, पाणवठा नव्हता, त्यांच्या घरात दर महिन्याला ठरलेला पैसा येणे ही त्या काळी क्रांतीच होती. 1890 च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा वलंगकरांनी सरकारकडे अर्ज केला, तो केवळ नोकरीसाठी नव्हता. आजही वाशिमच्या बौद्ध वस्तीत, बंजारा तांड्यावर फौजी निवृत्तिवेतनाचे एक घर असेल, तर त्या घरातली मुलगी बहुधा बारावीच्या पुढे गेलेली दिसते.

सेवानिवृत्त जनरलची गलेलठ्ठ रक्कमही मग अबाधित ठेवायची काय, असे विचारले जाईल. होय, ठेवायची. आणि मग त्याच्यावर, कारखानदारावर, माझ्यावर एकाच दराने चढता आयकर लावायचा. कर सर्वांवर सारखा असतो. कात्री एकट्यावर चालते, आणि ती नेहमी ज्याने आपले काम आधीच करून दिले आहे त्याच्यावर चालते.

अग्निवीरांची पहिली तुकडी 2022 च्या अखेरीस भरती झाली, म्हणजे तिची चार वर्षे 2026 च्या अखेरीस भरतात. आपल्या सहाही तालुक्यांतील शाखांनी गावोगावच्या या मुलांची नावे, त्यांतील किती कायम झाले आणि किती परतले, परतलेल्यांना कोणते काम मिळाले, याची यादी करावी. त्यासोबतच माजी सैनिकांच्या विधवांपैकी कोणाची थकबाकी अजून अडली आहे, याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. समोरच्या हवालदारांनी आपल्या गल्लीपुरते हे काम अंगावर घेतले आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा निराधार योजनेचा अर्ज मी भरून दिला असून तो तहसीलमध्ये पडून आहे.