नारंगाचा अभिमान आणि आमची 'बाटलेली' मराठी

पांढुर्णा-सौंसरच्या बागांत आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की आमच्या साहित्यसभांत एका वाक्यालाही बहर येतो : इंग्रजांचा 'ऑरेंज' म्हणजे आमचाच संस्कृत 'नारंग'! टाळ्याही पडतात. आमची हरकत या वाक्याच्या निम्म्यालाच आहे.

'नारंग' फारसीत तसाच राहिला, अरबीत 'नारंज' झाला आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये जाऊन 'नारांहा' बनला. इटालियनमध्ये आरंभीचा 'न' आधीच्या उपपदाने गिळला. फ्रेंचांना त्यात सोन्याचा 'ऑर' ऐकू आला. तेथून शब्द इंग्लंडला गेला. 'न' इंग्रजांनी गाळला, असे सांगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की तो वाटेतच गळाला होता. येथवर वक्ते आणि आम्ही एकमताचे.

पण संस्कृतात 'नारंग' आला कोठून? हे कोणी विचारीत नाही. बहुतेक अभ्यासक त्याचे मूळ द्राविडी भाषांत शोधतात. मल्याळीत लिंबाला आजही 'नारंगा' म्हणतात. म्हणजे संस्कृतचाही माल उसनाच. ज्या अरबांनी युरोपला हा शब्द दिला, ते स्वतः गोड फळाला 'बुर्तुकाल' म्हणतात, पोर्तुगालच्या नावावरून. कारण त्यांचे जुने नारंज आंबट होते आणि गोड जात पोर्तुगीजांनी मागाहून पसरविली. आपण तरी बाजारात 'नारंग' कोठे मागतो? संत्रीच मागतो. हा शब्द पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला, असेही काहीजण सांगतात. परंतु बाबराच्या आत्मचरित्रात 'संगतरा' आहे, म्हणून ती कथा आम्हांस पटत नाही. असो.

हेच वक्ते पुढच्याच श्वासात आमच्या मराठीला 'हिंदीने बाटलेली' म्हणतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तोही याच राज्यात. कचेरी हिंदीत, मंडी हिंदीत. शब्द घरात येणारच. इतक्या सरहद्दी ओलांडून, अंगचा 'न' गमावून बसलेला 'ऑरेंज' अभिमानाचा, आणि आमच्या सुनेच्या तोंडची 'सब्जी' मात्र भ्रष्ट, हा कोणता न्याय? अशा टोमण्यांनी मुलांची मराठी सुधारत नाही. ती पाहुण्यांपुढे गप्प बसतात आणि हळूहळू घरातही हिंदीच धरतात. पुढील सभेत नारंगावर अवश्य बोलावे, मल्याळी 'नारंगा'सह बोलावे. आणि येथल्या मुलांनाही, त्यांच्या अडखळत्या मराठीत, व्यासपीठावर दहा मिनिटे द्यावीत.