डीव्हीडीवर न उतरणाऱ्या चित्रफिती

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत चित्रफितीही तीन पिढ्यांच्या असतात. कोणाच्या लग्नाची कॅसेट, कोणाच्या मुंजीची लहानशी टेप, आणि अलीकडच्या बारशांचें फोनवर घेतलेलें चित्रण. वडील मंडळींस मात्र फोनच्या चिमुकल्या पडद्यावर कांहीं दिसत नाहीं. त्यांस हवी असते दिवाणखान्यांतल्या ओळखीच्या यंत्रांत सरकवितां येईल अशी तबकडी. आमच्या मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्तानें अशी एक डीव्हीडी करण्याचें आम्हीं मनांत आणलें, आणि एका रविवारचें म्हणून हातीं घेतलेलें काम तीन आठवडे पुरलें.

फाइली रूपांतरास तयारच होईनात. प्रोग्रॅम कधीं पहिल्या पायरीवर अडे, कधीं नव्वद टक्क्यांपर्यंत जाऊन थिजे, आणि कधीं सर्व सुरळीत झाल्याचें भासवून गुरुजींचे ओठ अगोदर व मंगलाष्टक मागाहून अशी तऱ्हा करी. आम्हीं प्रथम प्रोग्रॅमलाच दोष दिला व एकामागून एक चार बदलून पाहिले. हा आमचा मूर्खपणा होता, हें कबूल केलेलें बरें.

दोष कोठें होता तें समजण्यास डीव्हीडीचें सोंवळें किती कडक आहे हें ठाऊक हवें. तिचीं यंत्रें १९९६ सालीं जपानांत प्रथम विक्रीस आलीं, आणि तेव्हां ठरलेले नियम अजून तसेच आहेत. चित्र सामान्यतः एमपेग-२ पद्धतीचें. आपल्याकडील पाल पद्धतींत त्याचा आकार ७२० गुणिलें ५७६ ठिपक्यांचा व वेग सेकंदास २५ चित्रांचा. ध्वनीचे नमुने सेकंदास ४८,००० आणि चित्राचा प्रवाह सेकंदास ९.८ मेगाबिटांच्या आंत. आजचे फोन हे सारे नियम पाळीत नाहींत, व पाळावे असें त्यांस कोणी सांगितलेलेंही नाहीं. म्हणून प्रत्येक फाइलीस पुन्हां स्नान घालूनच आंत घ्यावें लागतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, फाइलीच्या नांवाचें शेपूट पाहून तिची जात ठरवूं नये. एव्हीआय, एमपी-फोर हीं नांवें बरणीचीं आहेत, आंतल्या पदार्थाचीं नव्हेत. बरणीवर 'मोरावळा' अशी चिठ्ठी असली तरी आंत लिंबाचें लोणचें निघूं शकतें, हें आमच्या भगिनीवर्गास आम्हीं सांगावयास नको. मीडियाइन्फो नांवाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम झांकण उघडून आंत काय आहे तें दाखवितो. आम्हीं आमच्या फाइली त्यांत घातल्या आणि निम्मे कोडें तेथेंच सुटलें.

पुतण्याच्या २००४ सालच्या मुंजीची टेप मिनी-डीव्ही जातीची होती. चित्र निर्दोष; परंतु त्या वेळीं कॅमेरा बारा बिटांच्या ध्वनीवर ठेवलेला असल्यामुळें नमुने ३२,००० च निघाले. ध्वनि निराळा काढून ४८,००० चा करून घेतांच ती फीत निमूटपणें आंत गेली. न्यू जर्सीस असलेल्या बंधूंनीं पाठविलेली फीत अमेरिकन पद्धतीची, म्हणजे सेकंदास २९.९७ चित्रांची होती. दोन देशांच्या पद्धति एका तबकडीवर एकत्र नांदत नाहींत, म्हणून तिलाही २५ वर आणावें लागलें. बारशाच्या फितींत चित्राचा वेगच स्थिर नव्हता. उजेड कमी झाला कीं फोन आपल्या मर्जीनें चित्रें कमी घेतो. फोनवर पाहतांना हें जाणवत नाहीं, पण डीव्हीडीच्या ठोक चालीवर बसवितांना ओठ व आवाज यांची फारकत होते. हँडब्रेक या प्रोग्रॅमांत वेग २५ व 'स्थिर' असा निवडून मधली एक फाइल करावी आणि मग ती डीव्हीडीच्या प्रोग्रॅमास द्यावी, हा त्यावर उपाय. आणखी एक गंमत: आमच्या फोल्डरचें नांव देवनागरींत 'मुंज' असें होतें, आणि एक जुना प्रोग्रॅम केवळ तेवढ्यासाठीं फाइल उघडीना. नांव रोमन लिपींत लिहितांच त्याचा राग गेला! रूपांतर बरोबर ४ गिगाबाइटांच्या उंबरठ्यावर थांबत असेल तर ड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीचा आहे काय तें पाहावें. त्यावर त्याहून मोठी फाइल मावत नाहीं.

परंतु ज्या एका फितीसाठीं हा सारा खटाटोप होता, तिला यांतला कोणताच उपाय लागूं पडेना. २०१९ च्या श्रावणांत धाकट्या सूनबाईंची मंगळागौर झाली, तेव्हां आमच्या थोरल्या काकूंनीं म्हटलेलीं गाणीं कोणींसें फोनवर घेतलीं होतीं. चित्रण चालू असतांच फोनची बॅटरी संपली. काकू २०२१ सालीं निवर्तल्या. त्यांच्या गाण्याची दुसरी फीत घरांत नाहीं. फाइल चांगली मोठी दिसे, पण व्हीएलसीसुद्धां तिला उघडीना.

चौकशीअंतीं कारण कळलें तें असें: एमपी-फोर फाइलींत कोणतें चित्र कोठें ठेवलें आहे याची अनुक्रमणिका असते, आणि बहुतेक फोन ती चित्रण थांबविल्यानंतर, अगदीं शेवटीं लिहितात. बॅटरी अगोदरच संपल्यानें पोथीचीं पानें सर्व होतीं, पण एकावरही आंकडा नव्हता. अशा वेळीं अनट्रंक नांवाचा प्रोग्रॅम उपयोगी पडतो; परंतु त्यास त्याच फोनवर, त्याच मांडणीनें घेतलेली एक धड फाइल नमुना म्हणून लागते. तो फोन केव्हांच मोडींत गेला होता. सूनबाईंनीं आपल्या जुन्या संदेशांत शोध केला, तर संदेशांतून आलेल्या फिती वाटेंत दाबून लहान झालेल्या असतात, त्या चालेनात. अखेर एका भाच्याच्या पेन-ड्राइव्हवर त्याच सकाळच्या पूजेची मूळ फाइल मिळाली. मुळाची एक प्रत बाजूस ठेवून, दुसऱ्या प्रतीवर आम्हीं तो प्रयोग केला. (मूळ फाइलीवर हात चालवूं नये, ही शिस्त या प्रसंगीं आमची नव्हे, सूनबाईंची.) अकरा मिनिटें परत आलीं. नंतरचीं थोडीं गेलीं तीं गेलींच.

पुढचें काम सोपें. डीव्हीडीस्टायलरमध्यें सर्व फिती मांडल्या. साध्या तबकडीची धारणा ४.७ गिगाबाइट, म्हणजे बरें चित्र हवें असल्यास सुमारें दोन तास, तेवढ्यांत बसविल्या. प्रथम पुसतां येण्याजोग्या तबकडीवर उतरवून मातोश्रींच्याच यंत्रांत लावून पाहिलें, मग कायमच्या तबकडीवर सावकाश वेगानें लिहिलें.

काकूंची फीत एका गाण्याच्या ऐन मध्यावर तुटते. तेथें चित्र हळूहळू मावळवावें असें मुलांचें म्हणणें पडलें. आम्हीं तें मोडून काढलें व जशी तुटली तशीच ठेवली. त्या दिवशीं पडदा एकाएकीं काळा झाला तेव्हां मातोश्रींनीं पुढचा चरण स्वतःच म्हणून पुरा केला, आणि रिमोट आपल्या हातीं मागून घेतला.