भाऊजींच्या गाडीचे शॉकअप

गेल्या दिवाळीत भाचा ताईला घेऊन नागपूरहून परसवाड्याला आला तो भाऊजींच्या ‘सॅन स्टॉर्म’मधून. गोव्यात बनलेली, फायबरच्या अंगाची, जेमतेम दोघांची स्पोर्ट्स कार. भाऊजी गेल्यावर ताईने ती विकू दिली नाही. खड्डा मागे पडला तरी गाडी होडीसारखी डुलत राहायची. मागच्या एका शॉकअपवर तेलाचा ओघळ होता.

भाच्याला शर्यतीच्या गाडीसारखे कडक शॉकअप हवे होते. मी पडलो मराठीचा प्राध्यापक, मान डोलावली! बालाघाटच्या मिस्त्रीने मात्र आम्हा दोघांची शाळा घेतली. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून दाबले जाते आणि स्प्रिंगची उसळी जिरवते. स्प्रिंगच्या मानाने तो फार कडक झाला, तर खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारते, आणि घाटाच्या वळणावर पकड सुटते. गॅस भरलेला घेतला तर तेलाला फेस येत नाही, हा फायदा खरा. ‘‘जुन्या गाडीचा शॉकअप नावाने मागू नका, मापाने मागा,’’ तो म्हणाला. पूर्ण उघडल्यावरची लांबी, पूर्ण दाबल्यावरची लांबी, दोन्ही टोकांच्या बुशांचे माप. आणि बदलायचे ते जोडीनेच.

ताईने कमरेचा पट्टा आवळत एवढेच विचारले, ‘‘मला बसता येईल ना रे?’’

भाच्याने मध्यम ताकदीची, गॅसची जोडी घेतली. येताना ताईने घाटात तीनदा गाडी थांबवली होती. जाताना एकदाही नाही.