सटवाई गेली, आता केसपेपर वाचा



धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतून ज्या देवता बाहेर पडल्या, त्यांत सटवाई होती. मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री ती येते आणि त्याच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, ही समजूत आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या उराशी बाळगली. जो लेख कोणासच वाचता येत नाही तो आम्ही मानणार नाही, असे आपण ठरविले आणि योग्यच केले. परंतु आज आपल्या लेकी-सुना सरकारी रुग्णालयात बाळंतपणासाठी जातात, तेथे त्यांच्या केसपेपरवर एक ओळ लिहिली जाते आणि तिच्या आधारे त्यांच्या उदरावर शस्त्र चालते. ती ओळ आपल्यापैकी किती जणांनी वाचली आहे? घरी आल्यावर विचारावे तर उत्तर मिळते, "डॉक्टर म्हणाले, सिझर करावे लागेल." का करावे लागले, हे मातेस ठाऊक नसते, पतीस नसते, सासूसही नसते. हा नवा कपाळलेख नव्हे तर काय?

गैरसमज होऊ नये म्हणून प्रथमच सांगतो. मी शस्त्रक्रियेचा विरोधक नाही. भगवान बुद्धांची माता महामाया प्रसूतीनंतर सातव्या दिवशी निधन पावली, हे आपण सारे जाणतो. राजवाड्यातील स्त्रीची जर ही गत, तर गावकुसाबाहेरच्या किती माता आडव्या मुलापायी, रक्तस्रावापायी गेल्या असतील, त्यांची नोंद कोणी ठेवली? मूल आडवे असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, बाळाचे ठोके मंदावले असतील, तर शस्त्र हेच जीवन होय. प्रश्न आहे तो कारणाचा.

2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. देशातील शंभर बाळंतपणांपैकी सुमारे साडेएकवीस शस्त्रक्रियेने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण 25.4 होते. देशभरातील खासगी रुग्णालयांत ते 47.4 होते, त्याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. परंतु केवळ सरकारी रुग्णालये घेतली तरी बिहारमध्ये शेकडा 4 हूनही कमी आणि तेलंगणात 44.5 असे अंतर दिसते. बिहारमधील स्त्रीचे शरीर निराळे आणि तेलंगणातील निराळे, असे कोणी म्हणेल काय? बिहारच्या आकड्यामागे वेळेवर शस्त्रक्रिया न मिळालेल्या माता आहेत. तेलंगणाच्या आकड्यामागे अकारण चिरलेल्या माता आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले तेच खरे: अमुक एक आकडा गाठणे हे ध्येय नव्हे, जिला गरज आहे तिला शस्त्रक्रिया मिळावी, हे ध्येय होय.

सरकारी डॉक्टरचा पगार एरवी शस्त्रक्रियांच्या संख्येवर ठरत नाही. मग तेथे हे प्रमाण का वाढावे? उत्तर प्रसूतिगृहाच्या व्यवस्थेत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राने 'वर' पाठविलेल्या, ग्रामीण रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर नाही म्हणून पुढे धाडलेल्या स्त्रिया अखेर जिल्हा रुग्णालयात एकत्र येतात. खाटा भरलेल्या, परिचारिका मोजक्या. कळा सोसणाऱ्या स्त्रीजवळ आठ-दहा तास बसून दर अर्ध्या तासाने ठोके ऐकणारे माणूस तेथे नसते. जे पाहता येत नाही त्याची भीती वाटते. आणि भ्यालेला डॉक्टर शस्त्राकडे वळतो. मूल दगावले तर नातेवाईक अंगावर येतील, चौकशी लागेल. शस्त्रक्रिया केली तर 'का केली' असे विचारणारा कोणीच नाही! भूल देणारा डॉक्टर दिवसाच हजर असेल, तर रात्रीची जोखीम टाळण्यासाठी दुपारीच निर्णय होतो, हे सांगावयास नकोच. गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना दंडक सर्व स्त्रियांना लागू नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्येच सांगितले. पण घाईला असा दंडक सोयीचा असतो. शिवाय एकदा चिरलेली माता पुढल्या खेपेसही बहुधा चिरलीच जाते. अशा प्रत्येक व्रणाबरोबर वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो, हे तिला सांगितले जात नाही.

लुंबिनीत महामायेने शालवृक्षाची फांदी धरून उभ्यानेच प्रसूती केली, अशी परंपरा आहे. आजचे शास्त्रही सांगते की निरोगी स्त्रीने कळांच्या वेळी चालावे-फिरावे, तिला सोयीची वाटेल ती स्थिती घ्यावी, जवळ आपले माणूस असावे. आपल्या प्रसूतिगृहात मात्र तिला टेबलावर उताणे निजवितात आणि सासू-आईला दाराबाहेर काढतात.

याच्या मुळाशी मला एक जुने पाप दिसते. नाळ कापणे, वार पुरणे हे 'विटाळाचे' काम म्हणून देशाच्या अनेक भागांत अस्पृश्य स्त्रियांच्या माथी मारले गेले. ज्या हातांनी गावाची मुले जन्मास घातली, त्या हातांचा स्पर्श दुसऱ्या दिवशी गावास चालत नसे. असे काम विद्या ठरले नाही. रुग्णालये आली तेव्हा दाई बाहेर गेली, परंतु तिच्या जागी सुशिक्षित, सन्मानित सुईण आली नाही. सहायक परिचारिका प्रसाविकेचे पद निर्माण झाले, पण पुढे तिला कुटुंबनियोजन आणि लसीकरणाच्या कामास जुंपण्यात आले. स्वीडनसारख्या देशात निरोगी स्त्रीचे बाळंतपण प्रशिक्षित सुईणच पाहते, डॉक्टर अडचणीस येतो. आपल्या सरकारने अठरा महिन्यांच्या प्रसाविका प्रशिक्षणाचे धोरण जाहीर केले ते 2018 साली! कामाला जात चिकटविली की त्या कामाचे शास्त्र व्हावयास किती उशीर लागतो, याचा हा पुरावा होय.

आणखी एक गोष्ट लिहिताना लेखणी संकोचते. मुहूर्त पाहून शस्त्रक्रियेची वेळ मागणारी कुटुंबे आहेत, अशी तक्रार तेलंगणातील आरोग्य खात्याच्या धुरीणांनी उघडपणे केली आहे. नक्षत्राच्या नादी लागून ठरलेली वधू गमावणाऱ्यांची कथा जातकांत आहे. येथे तर पणास लागते ती स्त्रीची काया. दीक्षा घेतलेल्या घराने हे पंचांग शस्त्रक्रियागृहाच्या दारातून पुन्हा आत आणू नये.

मातेच्या विश्रांतीचा भार बव्हंशी सरकारने वाहिला पाहिजे, हे बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना मांडले होते. आज काही हक्क कागदावर आहेत, ते माहीत करून घ्या. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त आणि येण्याजाण्याचे वाहन विनामूल्य आहे. बाळंतिणीजवळ एक स्त्री नातेवाईक थांबू देण्यास केंद्र सरकारने 2016 मध्ये संमती दिली आहे. जीव वाचविण्याची तातडी नसेल तर शस्त्रक्रियेचा हेतू, धोके आणि अन्य पर्याय समजावून सांगितल्यावाचून घेतलेली संमती खरी नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा निर्णय आहे. रुग्णाची कागदपत्रे मागितल्यास 72 तासांत दिली पाहिजेत, असा वैद्यक परिषदेचा 2002 चा नियम आहे.

तेव्हा सहीसाठी कागद पुढे आला की नम्रपणे, पण स्पष्ट विचारा: कारण काय? थांबल्यास काय होईल? डॉक्टरशी भांडू नका. तोही या मोडक्या व्यवस्थेत एकटाच उभा असतो. शस्त्रक्रिया झालीच, तर डिस्चार्ज कार्डावर तिचे कारण आणि गर्भाशयावरील छेद आडवा की उभा, हे लिहून घ्या. पहिल्या खेपेस मूल केवळ पायाळू होते म्हणून आडवा छेद घेतला असेल, तर रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात दुसरे बाळंतपण पुष्कळदा सरळ होऊ शकते. ते कार्ड दीक्षेच्या प्रमाणपत्राशेजारीच ठेवा. पुढच्या खेपेस डॉक्टर प्रथम तेच मागतील.